अनुभव: गेममधल्या कोड्यात कुठे अडकलात, कसे सुटलात?

मागच्या आठवड्यात भाचा टॅबलेट घेऊन शेजारी येऊन बसला. "मामा, सोप्पं आहे. नुसते खोके ढकलायचे." बघतो तर सोकोबान! हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ मध्ये बनवलेला, १९८२ मध्ये थिंकिंग रॅबिटने बाजारात आणलेला हा खेळ मी शाळेत असताना काळ्या पडद्यावर खेळलोय. सगळे खोके खुणेच्या जागांवर न्यायचे. खोका ढकलता येतो, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच. बस्स, एवढेच नियम. कोपऱ्यात गेलेला खोका कायमचा गेला.

"नुसते ढकलायचे" म्हणणाऱ्याने पंधरा मिनिटांत सहा वेळा लेव्हल पुन्हा सुरू केली. सातव्यांदा टॅबलेट माझ्या मांडीवर. मी ऐटीत बसलो, तीन खोके जागेवर लावले आणि चौथा बोळाच्या तोंडाशी असा काही अडकवला की आत जायची वाटच बंद. तेव्हा जुनी युक्ती आठवली: उलटं खेळायचं. सगळे खोके जागेवर पोचलेत असं धरायचं आणि मनातल्या मनात एकेक ओढून बाहेर काढायचा. जो सगळ्यात आधी बाहेर निघतो, तो सगळ्यात शेवटी आत न्यायचा. मी नेमका त्यालाच पहिला नेत होतो.

प्रत्येकाकडे असं एखादं कोडं असणारच. ते इथे सांगा. किती तास लागले हे नाही सांगितलं तरी चालेल, पण नेमकं काय सुचलं म्हणून सुटलात ते सांगा. उत्तर फुटणार असेल तर आधी इशारा द्या. वॉकथ्रू (कुणीतरी पायरी-पायरीने लिहिलेलं उत्तर) बघितला असेल तर लपवू नका, सगळेच बघतात.

*

माझी तारुण्यातली कितीतरी वर्षं माइनस्वीपरने खाल्ली. १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर तो आला आणि मला पहिल्या नोकरीत भेटला. झाकलेली घरं एकेक उघडायची; सुरुंगाचं घर दाबलं की डाव संपला, नाहीतर घरातला आकडा सांगतो की त्याला लागून असलेल्या घरांत किती सुरुंग आहेत. एक्स्पर्ट ही अवघड पातळी म्हणजे ३० बाय १६ घरं आणि ९९ सुरुंग. सुरुवातीला मी निव्वळ अंदाजपंचे दाबायची. एकदा मागे उभी राहून बघणारी सहकारी वैतागून म्हणाली, "अगं, १-२-१ दिसला की थांबायचंच नाही. दोन्ही एकांखाली सुरुंग, मधलं घर मोकळं."

तिने सांगितलं म्हणून मान्य करायला मी तयार नव्हते, तेव्हा कागदावर काढून बघितलं. मधल्या घरात सुरुंग धरला, तर दोनाला आणखी एक हवा. तो डावीकडे धरा किंवा उजवीकडे, त्या बाजूच्या एकाला दोन सुरुंग लागतात. जमत नाही. म्हणजे मधलं मोकळंच! इतका आनंद मला पगार झाल्यावरही झाला नसेल. त्या दिवसापासून दाबणं बंद, वाचणं सुरू.

सर्वात लक्षात राहिलेला डाव मात्र हरलेला. शेवटी पाच घरं उरली होती. दोन शेजारी-शेजारी, त्यात एक सुरुंग नक्की, पण कुठल्या घरात ते आकडे सांगत नव्हते. उरलेली तीन पार दुसऱ्या कोपऱ्यात, सुरुंगांनी वेढलेली, त्यांना एकही आकडा लागत नव्हता. दहा मिनिटं नुसती बघत बसले. मग वरच्या मोजणीकडे लक्ष गेलं: उरलेले सुरुंग १. अरे, मग तो एक तर त्या जोडीतच आहे, ही तीन घरं मोकळी! तिन्ही घरं डौलात उघडली. आणि मग जोडीतलं चुकीचं घर दाबलं.

रिचर्ड के या गणितज्ञाने २००० मध्ये दाखवून दिलं, की माइनस्वीपरच्या पटावर मांडलेले आकडे मुळात शक्य आहेत का, हे ठरवणं एन-पी-कम्प्लीट आहे. म्हणजे कितीही मोठा पट दिला तरी झटपट उत्तर देईल अशी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. घरी कुणी टोमणा मारला की मी हे वाक्य तोंडावर फेकते.

*

(इशारा: झेल्डाच्या 'फँटम अवरग्लास'मधलं एक उत्तर फुटतंय.)

निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावरचा २००७ चा गेम. दोन पडदे, मध्ये बिजागरी. वरच्या पडद्यावर एक मुद्रा, खालच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा, आणि ती मुद्रा नकाशावर उमटवायची. मी काय काय केलं ते ऐका. स्टायलसने घासलं. बोटाने दाबून धरलं. आधी एका ठिकाणी मेणबत्त्या विझवायला माइकमध्ये फुंकर मारावी लागली होती, म्हणून इथेही फुंकलो. मग ओरडलो. भाऊ दुसऱ्या खोलीतून विचारायला आला, काय झालं?

शेवटी "खड्ड्यात जा" म्हणून डीएस फाटकन मिटला आणि झोपलो. सकाळी उघडला तर मुद्रा उमटलेली!

वरचा पडदा खालच्यावर टेकवायचा होता. म्हणजे झाकण मिटायचं. हे कोडं मी सोडवलं की ते आपलं आपण सुटलं, यावर भावाचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

*

एका गेममध्ये कुलूपबंद दारावर दिव्यांची जाळी होती. एक दिवा दाबला की तो आणि त्याचे वर-खाली-डावे-उजवे शेजारी उलटतात: पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. सगळे विझले की दार उघडणार. टायगर इलेक्ट्रॉनिक्सचं १९९५ चं 'लाइट्स आउट' नावाचं हातात धरायचं खेळणं होतं, तोच प्रकार, ५ बाय ५.

अर्धा तास बटणं बडवली. एक कोपरा विझवावा तर दुसरा पेटतो. मग वही घेतली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तेच बटण दोनदा दाबलं तर काहीच केलं नाही असं होतं. दुसरी: कुठलं आधी, कुठलं नंतर, याने फरक पडत नाही. म्हणजे क्रम गेला, मोजणी गेली. प्रत्येक बटणाला एकच प्रश्न उरला, दाबायचं की नाही.

तरी २५ बटणं म्हणजे तीन कोटींवर शक्यता. पण पहिल्या ओळीचं काय करायचं ते ठरवलं, की त्या ओळीत पेटलेला राहिलेला दिवा विझवायला एकच बटण शिल्लक राहतं: त्याच्या बरोबर खालचं. म्हणजे दुसरी ओळ आपोआप ठरते, दुसरीवरून तिसरी, असं शेवटपर्यंत. तीन कोटींचं प्रकरण पहिल्या ओळीच्या ३२ शक्यतांवर आलं. त्या मी वहीत एकेक करून तपासल्या आणि अकराव्याला दार उघडलं.

दारापलीकडे काय होतं ते आता आठवत नाही. वही मात्र जपून ठेवलीय.

*

आमच्याकडे १ ते १५ आकड्यांचे ठोकळे एका रिकाम्या जागेतून सरकवून क्रमाने लावायची चौकट होती, गेममधल्या सरकत्या चित्रांची आजीच म्हणा ना. कंटाळून मी सगळे ठोकळे उचकटून काढले आणि परत बसवले. त्यानंतर ती कधीच सुटली नाही. शेवटी नेहमी १५ आणि १४ उलटे. दादा म्हणायचा तुझ्यात चिकाटी नाही. कॉलेजात कळलं की ठोकळे कसेही बसवले तर निम्म्या मांडण्या सरकवून सुटूच शकत नाहीत, आणि हे १८७९ मध्येच सिद्ध झालंय! दादाला ताबडतोब फोन.

*

(इशारा: 'ब्रोकन स्वॉर्ड'मधल्या बकरीचं उत्तर.)

१९९६ चा गेम, आयर्लंडमधला पडका किल्ला, आणि वाटेत बांधलेली एक बकरी. पुढे गेलं की ढुशी, पडा, उठा, परत मागे. खिशातली प्रत्येक वस्तू तिला दाखवून झाली. मग वाटलं की मागे कुठेतरी काहीतरी उचलायचं राहिलंय, म्हणून सगळं गाव परत पालथं घातलं.

आतापर्यंत त्या गेमने मला कधीच घाई केली नव्हती. तासभर उभं राहिलं तरी कुणी काही करत नाही. त्यामुळे इथे वेळ साधायची असेल हे डोक्यातच आलं नाही. ढुशी खाऊन उठताक्षणी, बकरी सावरायच्या आत, बाजूच्या शेतीच्या अवजाराकडे पळायचं. ती मागे येते आणि त्यात अडकते. झालं.

वॉकथ्रू बघितला. तोही दोनदा, कारण पहिल्यांदा वाचून विश्वास बसला नाही.

*

मला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. जन्मापासून. एरवी फारसं अडत नाही, पण 'द विटनेस' (२०१६) मध्ये अडलं. जोनाथन ब्लो यांचा गेम, सगळं बेट पाट्यांनी भरलेलं, प्रत्येक पाटीवर एक रेघ ओढायची, आणि नियम कुणीच सांगत नाही. सोप्या पाट्या सोडवता सोडवता आपणच ओळखायचे. ती शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. पण एका भागात रंगीत चौकोन वेगवेगळे करायचे असतात, आणि रंगीत प्रकाशात तेच चौकोन निराळे दिसतात.

ताईला व्हिडिओ कॉल लावला. फोन पडद्यासमोर धरून उभा.

"तिसरा कुठला?"

"हिरवा. नाही, थांब, तू पुढे गेलास की बदलतो."

"बदलतो म्हणजे?"

"अरे मघाशी दोन वेगळे होते, आता सारखेच दिसतायत."

आणि मला हसूच आलं. जे मला रोज होतं ते गेम तिला करून दाखवत होता! कोड्याची गंमतच ती होती: दिसणारा रंग खरा धरायचा नाही, प्रकाश कुठला पडलाय ते आधी बघायचं. ते मला लगेच समजलं, ताईला समजावून सांगावं लागलं. मी नियम सांगायचो, ती रंग सांगायची. दोन रविवारांत तो भाग संपला. तिसऱ्या रविवारी ताईचाच फोन, "पुढचं कुठवर आलं?"

*

आमच्या वेळचं सांगते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९ चा जॉर्डन मेकनर यांचा गेम. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. संगणक एक, आम्ही बहीण-भाऊ दोघं. तो खेळणार, मी बघणार, असा अन्याय्य करार.

शेवटाकडे राजपुत्राची सावलीच तलवार घेऊन समोर येते. भाऊ त्वेषाने लढायचा आणि दर वेळी मरायचा. तो तलवारीकडे बघत होता, मला दुसरं कामच नसल्याने मी खालचे लाल त्रिकोण, म्हणजे त्याचा उरलेला जीव, बघत होते. "अरे, त्याला लागलं की तुझाही एक कमी होतोय."

"गप गं."

आणखी दोनदा मेला. मग म्हणाला, "बरं, मग काय करू?" मी म्हटलं, तलवार आत घाल. त्याने माझी जिरवायची म्हणून घातली. सावलीनेही घातली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. भाऊ काही बोलला नाही, नुसता खुर्चीवरून उठला आणि मला बसायला जागा दिली.

*

कबुलीजबाब. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८), लुकास पोप. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं: कोण, कसा गेला, कुणी मारला. गेम तीन जणांची उत्तरं एकदम बरोबर आली की मगच ती पक्की करतो, म्हणजे अंदाज मारायला वाव नाही. असं त्यांना वाटतं. दोन जण खात्रीचे हाताशी ठेवायचे आणि तिसऱ्याच्या जागी नावं बदलत राहायचं. मी पाच-सहा जण असेच लावले. सुटले, पण ते चेहरे मला आता आठवतही नाहीत. खलाशांच्या झोपायच्या झुल्यावरच्या नंबरावरून आणि पायातल्या मोज्यांवरून ज्यांना ओळखलं, ते मात्र अजून डोळ्यांपुढे आहेत.

*

'बाबा इज यू' (२०१९) हे नाव वाचून लेकीने विचारलं, "बाबा, हा तुझ्यावर गेम आहे?" बाबा नावाचा पांढरा प्राणी, आणि पडद्यावर नियमांच्या शब्दांचेच ढकलता येणारे ठोकळे: भिंत अडवते, झेंडा जिंकवतो, बाबा म्हणजे तू. मी चारी बाजूंनी भिंतीत अडकलो होतो आणि वाट शोधत होतो. ती म्हणाली, "भिंत अडवते असं लिहिलंय ना? मग त्यातला एक शब्द ढकल की." ढकलला. भिंतीतून चालत बाहेर.

नंतरच्या एका लेव्हलमध्ये मी "बाबा म्हणजे तू" हेच वाक्य मोडून बसलो. पडद्यावर माझं असं काहीच उरलं नाही, कुठलंही बटण दाबा, सगळं ढिम्म. लेक दहा मिनिटं हसत होती.

*

धागा काढणारा मीच परत. लाइट्स आउटवाल्यांची ३२ ची युक्ती आज करून बघितली, चालते. ओब्रा डिनवाल्यांनी कबुली दिलीच आहे तर मीही देतो: पहिल्या परिच्छेदातली ती लेव्हल मी भाचा झोपल्यावर सोडवली आणि सकाळी त्याच्यासमोर "बघू जरा" म्हणून परत सोडवली. तो आता पुढच्या लेव्हलवर आहे. मघाशी विचारलं, "सांगू का?" तर म्हणाला, "मामा, मी उलटीकडून करतोय, मध्ये बोलू नकोस."