मदत हवी : किब्बरहून कनामो, गाडी मनालीहून की शिमल्याहून?

पंचवटीकर
मंडळी, जरा घाईत आहे. हिमाचलमधल्या स्पितीतलं किब्बर गाव मुक्कामाला धरून कनामो शिखर करायचंय. काझापर्यंत (स्पितीतलं मुख्य गाव) मनालीकडून जावं की शिमल्याकडून, एवढंच सांगा. नेटवर प्रत्येक जण वेगळं लिहितोय. ९ दिवसांची रजा आहे. तंबू आमचे आहेत. वाट सोपी आहे म्हणतात, त्यामुळे गाईड घेत नाही. आज रात्री तिकिटं काढायची आहेत.

सटाण्याचा भाऊ
मनाली, डोळे झाकून! २०२२ ला आम्ही पहाटे मनाली सोडली नि दिवे लागायच्या आत काझात. अटल बोगद्यामुळे रोहतांग चढायचा त्रास नाही. पलीकडे निघालं की कोकसर, ग्रामफू, छत्रू, बातल आणि मग कुंझुम खिंड. बातलला राजमा-चावल हाणायचा. रस्ता म्हणजे नुसते दगड आहेत, पण मजा त्यातच आहे ना भो.

कातळवाट
पंचवटीकर, महिना कुठला? किती जण? याआधी किती उंचीवर झोपला आहात? आणि ९ दिवस म्हणजे नाशिकरोड ते नाशिकरोड, की मनाली ते मनाली?

पंचवटीकर
सहा जण. सगळे फिट. हरिहर, साल्हेर-सालोटा, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. नऊ दिवस नाशिकरोड ते नाशिकरोड. प्रश्न फक्त रस्त्याचा होता.

कातळवाट
महिना राहिला.

प्रमिलाताई
मनालीहून एका दिवसात काझा म्हणजे दोन हजार मीटरवरून थेट साडेतीन हजारांच्या वर, आणि मध्ये साडेचार हजारांच्या वरची खिंड. सटाण्याच्या भाऊ, काझातली पहिली रात्र कशी गेली तेही लिही की!

सटाण्याचा भाऊ
ताई, डोकं दुखलं थोडं. ते सगळ्यांचंच दुखतं. लसूण चावून खाल्ला आणि कापूर हुंगला, सकाळी ठणठणीत.

औषधवाला
लसूण मिसळीत घाला. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, हा नेहमीचा प्रघात. पण आपल्या डॉक्टरला विचारून. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोनदा उठावं लागतं, घाबरू नका.

सटाण्याचा भाऊ
स्पितीतले म्हातारेकोतारे काय गोळ्या घेऊन जगतात का?

औषधवाला
ते तिथे जन्मलेत. तुम्ही सटाण्यात जन्मलात.

गोदाकाठ
मिसळीचा विषय निघालाच आहे तर विचारतो, निघायच्या दिवशी सकाळी कुठली खायची? गंगापूर रोडला रविवारी उभं राहायला जागा नसते.

कातळवाट
गोदाकाठ, वेगळा धागा काढ रे.

पंचवटीकर, साल्हेर-हरिहरने पाय तयार होतात, फुप्फुसं नाही. कळसूबाईचं टोक १,६४६ मीटर. किब्बर गाव ४,२७० च्या आसपास, म्हणजे आपल्या राज्यातल्या सगळ्यात उंच टोकाच्या अडीचपटीहून वर लोकांची घरं आहेत. आणि कनामो एकोणीस हजार पाचशे फुटांच्या वर.

वाट सोपी हे खरं आहे. दोर लागत नाही, कातळ नाही. पण आपल्याकडे घसारा (सुट्या दगडमातीचा उतार) म्हणजे दहा मिनिटांचं काम, कुणीतरी हात देतो आणि संपतं. तिथे पहाटे तीनला तळ (बेस कॅम्प) सोडला की डोंगरभर घसाराच. पाऊल ठेवायचं, ते वीतभर खाली सरकायचं, थांबायचं, चार श्वास घ्यायचे, पुढचं पाऊल. शेजारचा बोलत नाही म्हणून तो बरा आहे की बिघडलाय तेच कळत नाही. तळाच्या वर पाणी मिळेल असं धरून चालू नका. किब्बरमधला माणूस सोबत घ्याच. पाणी, वारा, ढग बघून कुठून परत फिरायचं ते त्याला कळतं.

पंचवटीकर
दादा, आभारी आहे, पण शिमला की मनाली? महिना जून. पहिल्या आठवड्यात निघतोय.

प्रमिलाताई
अरे मग हे आधी सांगायचं ना! कुंझुम काही वर्षी मेअखेर उघडतो, काही वर्षी जून बराच सरल्यावर. त्याच्या भरवशावर तिकीट काढू नकोस. शिमला-किन्नौरचा रस्ता जवळजवळ वर्षभर चालू असतो. आणि जूनच्या सुरुवातीला कनामोवर बर्फ असेल, मग कुठला घसारा नि कुठली सोपी वाट. क्रॅम्पॉन (बर्फात चालायला बुटाखाली लावायचे खिळे) कधी लावलेत का?

पंचवटीकर
नाही. भाड्याने मिळतील.

सटाण्याचा भाऊ
बर्फच हवा असेल तर फ्रेंडशिप पीक कर. मनालीजवळच्या सोलंगहून जातात, ५,२८९ मीटर.

प्रमिलाताई
त्याने फ्रेंडशिपचं विचारलेलंच नाही. क्रॅम्पॉन लावून, आइस-अॅक्सने घसरण रोखायचा सराव केल्याशिवाय तिकडे पाठवू नकोस कुणाला.

डोंगरयात्री काका
किब्बरला जाताय तर चिचमचा पूल चुकवू नका. २०१७ ला झाला. त्याआधी दरीवर तारेवरची ट्रॉली होती, लोखंडी पिंजरा, हातानं दोर ओढायचा. मी दोनदा बसलोय. खाली बघितलं की पोटात कालवायचं. एकदा एक बोकड होता माझ्याबरोबर, तो माझ्यापेक्षा शांत होता. आता चारचाकी जाते. सोय झाली हे बरंच, पण…

कातळवाट
काका, भारी! 🙂

आता हिशोब. शिमल्याकडून, रेल्वेनं, अंगाला उंची लावत:

पंजाब मेलने दुसरा दिवस दिल्लीतच संपतो. रात्रीची बस, तिसऱ्या दिवशी शिमला ओलांडून रामपूर किंवा सराहन. चौथी रात्र कल्पा, २,९६० च्या आसपास. पाचवी ताबो, ३,२८०. सहावी काझा. सातवीही काझातच, दिवसा किब्बरला जाऊन भटकायचं आणि झोपायला खाली यायचं. आठवी-नववी किब्बर. दहावी तळावर. अकराव्या दिवशी शिखर आणि परत किब्बर. कुंझुम उघडा असला तर मनालीमार्गे उतरून घरी पोचायला आणखी तीन दिवस.

झाले चौदा. तुझ्याकडे नऊ आहेत. ३,००० च्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात. काझा ते किब्बर हीच उडी सहाशेची आहे, म्हणून ती जास्तीची रात्र.

पंचवटीकर
ओझरहून विमानाने दिल्ली गाठली तर जाऊन-येऊन दोन-अडीच दिवस वाचतात. काझातली दुसरी रात्र आणि किब्बरची एक काढली की जवळपास बसतं. एवढं काय होतं? लेहला तर विमानानेच गेलो होतो की.

प्रमिलाताई
लेहला काय झालं होतं?

पंचवटीकर
काही नाही. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला खिंड केली. रात्री उलट्या झाल्या, चालताना जरा तोल जात होता. एक रात्र ऑक्सिजनवर ठेवलं. मी एकटाच, बाकीचे बरे होते.

औषधवाला
भाऊ. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

प्रमिलाताई
तोल जात होता म्हणजे ते 'जरा' नव्हतं. मेंदूला सूज यायला लागते तेव्हा असं होतं. ज्याला एकदा झालंय त्याला पुन्हा व्हायची शक्यता जास्त. लेहला दवाखाना होता. किब्बरच्या वरच्या तळावर तू आणि पाच मित्र. रात्री दोनला तुला खाली कोण आणणार? गाईड नाही म्हणतोस.

औषधवाला
बरोबरच्या पाचही जणांना हे शिकवून ठेव: शंका आली की जमिनीवर सरळ रेघ धरून टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला लावायचं. जमलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी खाली निघायचं. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तरी तेच. गोळी घेऊन वर चढत राहायचं नाही. आणि डॉक्टरांना लेहचं सगळं सांग.

सटाण्याचा भाऊ
मग शिमल्याहूनच जा बाबा. मी माझं मनाली मागे घेतो.

पंचवटीकर
ऑफिसात नऊच्या वर मिळत नाहीत. म्हणजे मी जाऊच नको का?

कातळवाट
असं कुणी म्हणालं? जूनमध्ये नऊ दिवसांत कल्पा, ताबो, काझा, जमलं तर दिवसा किब्बर, एवढं कर. तेही विमानाने, नाहीतर परतीत गडबड होईल. कनामो ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरला, रजा साठवून. जुलैत किन्नौरात दरडी पडतात, ते टाळ.

गोदाकाठ
सप्टेंबर म्हणजे गणपती ना?

पंचवटीकर
सहातले दोघे ढोलपथकात आहेत, ते विसर्जनाआधी हलणार नाहीत. त्यानंतर पितृपक्ष, घरी आजी डोंगराचं नाव काढू देणार नाही. बघतो. साहेबांना चौदाचं विचारलंय, 'सोमवारी बोलू' म्हणाले. जूनची तिकिटं आज काढत नाही.

सटाण्याचा भाऊ
पितृपक्षात गाड्या तरी रिकाम्या मिळतील. ढोलवाले गळाले तर माझं नाव घाल. तंबू माझाही आहे.

प्रमिलाताई
भाऊ, आधी २०२२ च्या त्या काझातल्या रात्रीचं नीट लिही. 'थोडं' म्हणजे किती?

सटाण्याचा भाऊ
ताई, दोनदा ओकलो. झालं समाधान?