मीटिंगमध्ये सगळे 'चालेल' म्हणाले, पण वातावरण बिघडलंय. निर्णय कसा घ्यावा?

रबाळे_पॅकिंग

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंग विभागाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली. गोळ्या प्लास्टिक आणि फॉइलमध्ये सील करणाऱ्या दोन ब्लिस्टर लाइन आहेत, तिसरी येतेय. नवं मशीन वेगवान आहे, सगळं टचस्क्रीनवर चालतं. त्यावर मुख्य ऑपरेटर कोण, हे महिनाअखेरपर्यंत ठरवायचंय.

दोन नावं आहेत. एकांना सगळे काका म्हणतात. सोळा-सतरा वर्षं ब्लिस्टरवर काढलीत. सीलिंगचा आवाज जरा बदलला की फॉइल सुरकुतणार हे त्यांना आधी कळतं. दुसरा डिप्लोमा झालेला मुलगा, चार वर्षांचा अनुभव, स्क्रीनवर हात बसलेला, बॅच रेकॉर्ड एकदम चोख. कागदावर मुलगा पुढे आहे आणि वरिष्ठांचंही तेच मत.

मी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं. "चालेल मॅडम", "तुम्ही ठरवाल ते". काकाही तेच म्हणाले. पण त्या दिवसापासून ते डबा घेऊन बाहेरच्या बाकावर एकटेच बसतात. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला ते तोंडी सांगायचे, "पीव्हीसीचा रोल बदललाय, तापमान जरा चढं ठेवलंय, पहिली दहा मिनिटं लक्ष ठेव." ते बंद झालं. आता रजिस्टरमध्ये लिहिण्यापुरतं लिहितात, सही करतात, निघतात. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढलेलं नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही.

वरिष्ठ म्हणतात, भावना गेटबाहेर ठेवा, आकडे बघा. मला ते पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही. मध्यंतरी वाशीला एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, त्यात चेहऱ्यांची चित्रं दाखवून राग कुठला, भीती कुठली ते ओळखायला लावलं. आमच्याकडे टोपी-मास्कमध्ये डोळे तेवढे दिसतात.

तर हे जे जाणवतंय ते निर्णयात धरायचं का? आणि धरायचं तर कसं?

वागळे_जुना

ताई, मी वागळे इस्टेटमध्ये मशीन शॉप सांभाळलंय, तेव्हा स्पष्ट सांगतो. रुसलेल्याची समजूत काढायला म्हणून पद दिलंत तर पुढच्या वेळी दहा जण रुसतील. कौशल्याचा तक्ता करा, निकष बोर्डावर लावा, ज्याचे गुण जास्त त्याचं नाव जाहीर करा. काका थोड्या दिवसांनी बोलायला लागतील.

आणि माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. मनातलं ओळखायच्या नादाला लागलात की ज्याला मन उघड करता येतं त्याचं भलं होतं. मुकाट्याने मान खाली घालून काम करणारा तसाच राहतो. हा अन्याय मी डोळ्यांनी पाहिलाय.

सिस्टर_नेरुळ

वागळेदादांचा आक्षेप अगदी खरा आहे. म्हणून सविस्तर लिहिते. मी नर्सिंगमध्ये आहे, वॉर्ड इन्चार्ज.

आधी तुमच्या वरिष्ठांच्या आकड्यांबद्दल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगली टीम असेल तिथे चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच. चांगल्या टीमच्या वॉर्डात चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथल्या नर्स चूक झाली की सांगत होत्या. बाकी ठिकाणी गोष्टी दाबल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी एका कारखान्यातल्या ५१ टीमवर शोधनिबंध लिहिला, त्यातही तेच सूत्र पुढे नेलं: जिथे बोलल्यावर आपल्याला कमी लेखलं जाणार नाही अशी खात्री असते, तिथे माणसं चुका बोलून दाखवतात, मदत मागतात आणि टीम शिकते. तेव्हा रिजेक्शन वाढलं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. काकांचं तोंडी सांगणं थांबलं, हीच तुमची नोंद आहे, आणि ती रिजेक्शनच्या आकड्याच्या आधी आलीय. वरिष्ठांना हेच सांगा.

आमच्याकडे रात्रीची ड्युटी सुरू होताना बेडजवळ उभं राहून हँडओव्हर होतो. फाइलमध्ये नसलेलं तिथे कळतं: आजोबांनी दुपारपासून पाणी घेतलं नाही, चार नंबरच्या बाई मुलगा येऊन गेल्यापासून गप्प आहेत. एक सीनियर सिस्टर एकाएकी फाइलवरचं वाचून दाखवायला लागली. सगळ्या म्हणायच्या, आयसीयू मिळालं नाही म्हणून राग आहे. मी ड्रेसिंग ट्रॉली लावताना तिच्या शेजारी उभी राहिले आणि फक्त इतकं विचारलं, "हँडओव्हर देताना तुला कशाची अडचण होते?" ती म्हणाली, "मागे मी बोललेलं राउंडला माझ्यावरच उलटवलं होतं, सगळ्यांसमोर. लिहिलेलं वाचलं की कोणी काही म्हणत नाही." आयसीयूचा विषयसुद्धा तिने काढला नाही. आता बघा, तो राग आयसीयूचा समजून तिला तिकडे पाठवलं असतं तर तिथेही ती फाइलच वाचत राहिली असती.

म्हणून ताई, काका नाराज आहेत एवढं तुम्ही पाहिलंत, पण कशावर ते तुम्हाला अजून माहीत नाही. मशीनवरच असेल असं धरून चालू नका.

विचारताना "काय वाटतं?" विचारू नका, "काही नाही" हेच उत्तर येणार. कामातलं विचारा. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची एक रीत मला फार उपयोगी पडते: काम फसलंय असंच धरायचं आणि का फसलं ते प्रत्येकाला सांगायला लावायचं. "समजा दिवाळीपर्यंत नवी लाइन रखडली, तर कशामुळे रखडली असेल?" असं विचारलं की माणूस तुम्हाला विरोध करतोय असं त्याला वाटत नाही. उलट आपलं ज्ञान वापरतोय असं वाटतं. जे सगळ्यांसमोर 'चालेल' म्हणतात ते इथे बोलतात. आणि हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, दादा, मुकाट काम करणाऱ्याला सगळ्यात आधी.

एक स्वतःकडे बघायचं. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रयोगात दाखवलं की दुःखी चित्रफीत पाहिलेली माणसं हातातली वस्तू कमी किमतीत द्यायला तयार होतात. चित्रफितीचा त्या वस्तूशी काडीचा संबंध नसतो. म्हणजे एकीकडचं मन दुसरीकडच्या निर्णयात शिरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तासभर अडकून आले की मी ड्युटी रोस्टरला हात लावत नाही, आधी वॉर्डात एक फेरी मारते.

निकष मात्र वागळेदादा म्हणतात तसेच, आधी जाहीर. भावनेवरून कळतं की कुठे विचारायचं. मशीन कोणाला द्यायचं ते निकषांवरच ठरू दे, फक्त निकषांत सुटलेलं काही विचारपूस केल्यावर सापडलं तर ते सगळ्यांसाठी घाला. तुमच्या तक्त्यात 'पुढच्या शिफ्टला माहिती देणं' याला गुण आहेत का? नसतील तर तक्ता अपुरा आहे.

कळवा_ऑपरेटर

मी मशीनवरचा माणूस, महापेला. सिस्टरताई बोलल्या ते बरोबर, त्यात माझं थोडं.

केबिनमध्ये बोलावू नका. आम्हाला केबिनमध्ये बोलावलं की पहिलं मनात येतं मेमो आला. कंपनीतून स्टेशनपर्यंत चालत जाताना बोला, नाहीतर चहाच्या टपरीवर. दोन मिनिटं काही बोलू नका, माणूस आपोआप बोलतो.

दुसरं, नवं मशीन बसवायला पार्टीचा इंजिनीअर येईल तेव्हा दोघांना उभं करा. स्क्रीनवरचे अलार्म इंग्रजीत असतात, आमच्या वयाच्या माणसाला पोरांसमोर "हे काय लिहिलंय" विचारायची लाज वाटते. आमच्याकडे एकाने प्रत्येक अलार्मचा मराठीत कागद करून मशीनला चिकटवला, मग सगळेच बघायला लागले, डिप्लोमावालेपण.

रबाळे_पॅकिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुटल्यावर काकांबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेले. दिवाळीचा प्रश्न विचारला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीन पोराला द्या मॅडम, तो चांगला आहे. मला फक्त सांगा, नवी लाइन आली की एक नंबर बंद होणार ना?"

एक नंबरवर चार हेल्पर कॉन्ट्रॅक्टवर आहेत. ते काकांच्या गावाकडचे, त्यांच्याच शब्दावर आलेले. एकाने नुकतीच दिव्याला भाड्याने खोली घेऊन बायकोला आणलंय. जेवायला बसलं की ते रोज विचारायचे, "काका, आमचं काय?" काकांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते डबा घेऊन बाहेर जाऊन बसत होते. हँडओव्हरचं विचारलं तर म्हणाले, "ज्या लाइनीचं उद्या काय होणार माहीत नाही, तिचं काय सांगायचं?"

मी आज वरिष्ठांना विचारलं. एक नंबर छोट्या बॅचसाठी चालूच राहणार आहे. प्लॅनिंगमध्ये हे कधीच ठरलंय, खाली कोणी सांगितलंच नव्हतं. हे ऐकल्यावर वरिष्ठ थोडा वेळ गप्प झाले आणि "तुम्हीच सांगा त्यांना" म्हणाले. पण त्या चौघांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार का, हे अजून ठरलेलं नाही.

तक्त्यात हँडओव्हरला गुण घातले. तरी मुलगाच पुढे आहे, फरक मात्र बराच कमी झाला. आता अडतंय ते इथे: अर्धंच उत्तर हातात असताना त्या चौघांशी बोलू, की पूर्ण कळेपर्यंत थांबू?

वागळे_जुना

थांबू नका. बंद होणार नाही हे आजच सांगा. माझ्या शॉपमध्ये अशाच एका अफवेने आठवड्यात दोन चांगले फिटर सोडून गेले होते. हँडओव्हरला गुण देणं मला पटलं, हे आमच्या तक्त्यात कधी नव्हतं.

सिस्टर_नेरुळ

अर्धं असलं तरी सांगा, पण तीन भाग वेगळे करून: लाइन चालू राहणार हे पक्कं, कॉन्ट्रॅक्टचं अजून ठरलेलं नाही, आणि अमुक तारखेला मी तुम्हाला सांगेन. ती तारीख आधी वरिष्ठांकडून घ्या. तारीख मिळत नसेल तर तसंही सांगा. "बघू, होईल काहीतरी" मात्र म्हणू नका, पेशंटच्या नातेवाइकांना असं सांगितलं की ते रात्रभर बाकावर बसून राहतात. आणि हे काकांमार्फत नको, तुम्ही स्वतः सांगा, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

अजून एक. तुमच्या दोन्ही पोस्टमध्ये त्या डिप्लोमावाल्या मुलाचे गुण आहेत, वरिष्ठांचं त्याच्याबद्दलचं मत आहे, काकांचंही आहे. त्याला स्वतःला कोणी विचारलंय का? काकांच्या वर जाऊन उभं राहायला तो तयार आहे का, हे नाव जाहीर करायच्या आधी त्यालाही स्टेशनपर्यंत चालत नेऊन विचारा.