आयर्लंडचे मूळ लोक नेमके कोण? फिर बोल्ग, उलाद, केल्ट... क्रमच लागंना झालाय

भीमाकाठ (सोलापूर):

नमस्कार मंडळी. लेक डब्लिनला शिकायला आहे, येत्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडं जाणार आहोत, म्हणून आयर्लंडचा जुना इतिहास वाचायलोय. रिटायर झालोय त्यामुळं वेळेला काय तोटा नाही. पण वाचावं तितका गुंता वाढायला लागलाय. एकीकडं लिहिलंय आधी फिर बोल्ग नावाचे लोक आले, मग तुआहा दे दानन आले, मग स्पेनहून मिलेशियन आले आणि त्यांनी सगळं बेट घेतलं. दुसरीकडं उलाद, कोनाख्ता, लायगिन अशी राज्यं सांगायलेत. तिसरीकडं हे सगळे केल्टच. आणि न्यूग्रेंजचं ते मोठं दगडी थडगं इसवी सनपूर्व ३२०० च्या आसपासचं म्हणतात, म्हणजे ते ह्यातल्या कुणाचंच नाही का?

मला कथा आवडतात, पण कथा कुठवर आणि इतिहास कुठनं सुरू हे कळल्याशिवाय समाधान होत नाही. आणि टाराच्या टेकडीवर बसून सगळ्या आयर्लंडवर राज्य करणारा एक राजा खरंच होता का, तेही कुणाला माहीत असलं तर सांगा. लेकीला विचारलं तर म्हणते बाबा मी इथं डेटा सायन्स शिकायला आलीय.

---

दगडवाचक:

काका, हा गुंता लिहिणाऱ्यांनीच घालून ठेवलाय आणि तोही मुद्दाम. फिर बोल्ग, तुआहा दे दानन, मिलेशियन हा जो क्रम तुम्ही वाचला तो 'लेबोर गबाला एरन' ह्या ग्रंथातला, म्हणजे आयर्लंड कुणी कुणी जिंकलं त्याची कथा. (नावं देवनागरीत जशी जमतात तशी लिहितोय, आयरिश उच्चार वेगळेच असतात.) तो आज आपल्याला मिळतो त्या रूपात ११ व्या शतकात जुळवला गेला. लिहिणारे ख्रिस्ती मठातले शिकलेले लोक, त्यांना आपल्या बेटाची गोष्ट बायबलच्या कालगणनेत बसवायची होती, म्हणून सुरुवात कुठनं तर नोहाच्या नातीपासनं, केसिर तिचं नाव, ती महापुराच्या आधी आयर्लंडला येते. मग पार्थोलोन, मग नेमेद, मग फिर बोल्ग, मग तुआहा दे दानन आणि शेवटी मिलच्या मुलांनी (मिलेशियन ते हेच) येऊन बेट वाटून घेतलं, उत्तर एरेमोनला, दक्षिण एबेरला.

आता गंमत बघा, त्या काळात उत्तरेत जोरावर असलेले ई नील घराणं आपली वंशावळ एरेमोनपासून सांगायचं, आणि दक्षिणेत कॅशलवर राज्य करणारे ओगानाख्ता एबेरपासून. म्हणजे आज ज्यांची सत्ता आहे ते मिलची खरी लेकरं आणि ज्यांचं राज्य गेलं त्यांना ढकललं मागच्या कुठल्यातरी टोळीत. फिर बोल्गसोबत फिर दोम्नान आणि गाल्योन अशी दोन नावं येतात ना, हे लोक काल्पनिक नाहीत. फिर दोम्नानची वस्ती आजच्या मेयो भागात होती, तिथल्या एरिसचं जुनं नावच इरस दोम्नान, आणि गाल्योन लायन्स्टरमधले. हरलेल्या जिवंत माणसांना पुराणकथेत जमा करून टाकलं. मला ह्या ग्रंथाबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ते हेच, की त्यातली कथा मागं ठेवून फक्त कुणाला कुठल्या रांगेत बसवलंय हे बघत गेलं तर खरी माणसं दिसायला लागतात.

तुआहा दे दाननचं प्रकरण वेगळं, ते मुळात देव आहेत. लुग हा गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या) लुगुस देवाचा भाऊबंद, आणि नुआदा म्हणजे ब्रिटनमधला नोडेन्स, त्याचं रोमन काळातलं देऊळ सेव्हर्न नदीच्या काठी लिडनीला सापडलंय. पण मठात बसून देव असं कसं लिहिणार, म्हणून त्यांना जादू येणारी माणसं केलं, हरल्यावर ते टेकाडांच्या पोटात राहायला गेले असं सांगितलं. न्यूग्रेंज त्यांच्याच नावावर लावलंय, दाग्दा आणि त्याचा मुलगा एंगस ह्यांचं घर म्हणून. प्रत्यक्षात ते बांधणारे शेतकरी ह्या कथा लिहिल्या जायच्या चार हजार वर्षं आधीचे.

लिखित पुराव्यात पहिली मोठी यादी मिळते ग्रीक भूगोलकार टॉलेमीची, इसवी सन १५० च्या आसपासची. अलेक्झांड्रियात बसून त्यानं आयर्लंडच्या लोकांची, नद्यांची नावं दिली. त्यात उत्तर-पूर्वेला वोलुंती आहेत, ते बहुतेक तुमचे उलाद. दक्षिणेला इवेर्नी, ते एरान, रोमन लोकांचं हिबर्निया तिथनंच. बाकी बरीच नावं नंतरच्या आयरिश ग्रंथांत ओळखूच येत नाहीत, म्हणजे मधल्या पाचशे वर्षांत राजकारण पार उलटंपालटं झालं असणार.

---

जुळेसोलापूर_७:

मी एका व्हिडिओत बघितलं की तुआहा दे दानन म्हणजे दनूची मुलं, आपल्या पुराणातले दानव, आणि आयर्लंड म्हणजे आर्यांचा देश, इथनंच लोक तिकडं गेलेत. हे खरंय का? कारण त्यांची भाषा पण आपल्याच कुळातली म्हणतात.

---

दगडवाचक:

@जुळेसोलापूर_७ दादा, भाषेचं कुळ एकच हे खरं, बाकीचं नाही. इंडो-युरोपीय भाषा बोलणारे लोक मधल्या गवताळ प्रदेशातनं दोन्ही बाजूंना पसरले, इथनं तिकडं गेले असा पुरावा नाही. आयर्लंडपुरतं डीएनएचं काम बघा, २०१५ साली प्रसिद्ध झालं. बेल्फास्टजवळच्या बॅलिनाहॅटीची एक बाई, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची शेतकरी, आणि रॅथलिन बेटावरचे तीन पुरुष, साधारण ४,००० वर्षांपूर्वीचे. ती बाई दक्षिण युरोपकडच्या लोकांशी जास्त जुळते आणि रॅथलिनचे पुरुष आजच्या आयरिश माणसाशी. म्हणजे लोकसंख्येतला मोठा बदल ब्राँझ युगातच होऊन गेला. लोखंड युगात केल्टांची मोठी फौज उतरली आणि तिनं बेट जिंकलं ह्या जुन्या समजुतीला पुरातत्त्वात फारसा आधार सापडत नाही. नुसत्या नावाच्या आवाजावरनं नातं लावत बसलो तर हे सगळं हातातनं निसटतं.

---

काळाकोट:

सोलापूर कोर्टात प्रॅक्टिस करते, इतिहास माझा विषय नाही पण जुन्या आयरिश कायद्यानं मला वेड लावलंय म्हणून लिहिते. काका, तुमच्या राजाच्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळतं.

त्यांचं मूळ एकक म्हणजे तुआह. एक राजा, त्याची माणसं, त्यांची गुरं, चराऊ रान. अशी शंभर-दीडशे राज्यं एका वेळी असायची असा अंदाज आहे. त्या छोट्या राजांवर एक मोठा राजा, त्याच्यावर प्रांताचा राजा, पण वरच्याला खालच्याच्या राज्यात कायदा करायचा हक्क जवळपास नव्हता, तो ओलीस घ्यायचा, खंडणी घ्यायची, युद्धाला माणसं मागायची. ई नीलांचा मूळपुरुष नियाल ह्याला नऊ ओलिसांचा नियाल म्हणतात ते ह्यामुळंच. सगळ्या बेटाचा एकच सार्वभौम राजा अनादी काळापासून टारावर बसायचा हे ई नीलांनी आणि त्यांच्या लेखकांनी मागाहून रंगवलेलं चित्र आहे. टाराची गादी फार मानाची होती हे मात्र खरं, तिच्याभोवती पवित्रपणा होता, तिथला राजा म्हणजे भूमीचा नवरा मानायचे. तिथला जुना राज्याभिषेकाचा सण शेवटचा झाला तो दियार्मत मक केरबलच्या वेळी, इसवी सन ५६० च्या सुमारास.

इसवी सन ७०० च्या आसपासच्या 'क्रीह गाव्लाख' ह्या कायदाग्रंथात राजाचा आठवडाच दिलाय. रविवारी लोकांना बिअर पाजायची, सोमवारी न्यायनिवाडा, मंगळवारी फिदखेल हा पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्री पळवायची, गुरुवार बायकोसाठी, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा निवाडे. आणि राजा हातात कुदळ-कुऱ्हाड घेऊन राबताना दिसला तर त्याचा दर्जा साध्या माणसाचा होतो. प्रत्येकाला कायद्यानं मानाची किंमत ठरलेली, तुआहच्या राजाची सात कुमल, एक कुमल साधारण तीन दुभत्या गायींच्या मोलाचं. पण कुमल शब्दाचा मूळ अर्थ गुलाम बाई, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं थोडा वेळ. त्या समाजाबद्दल प्रेम वाटतं तेव्हा हे पण लक्षात ठेवावं लागतं.

राजाच्या अंगात व्यंग चालत नसे. कथेत नुआदाचा हात तुटतो म्हणून त्याचं राज्य जातं, पुढं चांदीचा हात बसवतात वगैरे, ते पुराण. पण मधमाश्या पाळण्यावरच्या 'बेखव्रेहा' नावाच्या कायदाग्रंथात खऱ्या राजाचा दाखला आहे, कोंगल. मधमाशी डोळ्याला चावून एक डोळा गेला आणि त्यामुळं टाराचं राजेपद गेलं असं तो ग्रंथ सांगतो. हा कोंगल उलादांचा राजा होता, ६३७ साली माग राथच्या लढाईत ई नीलांशी लढताना पडला. म्हणजे बघा काका, टारावर ई नीलांशिवाय कुणी बसलंच नव्हतं असं त्यांच्या बाजूचे लेखक सांगायचे आणि शेजाऱ्याला माशी चावली तर भरपाई किती ह्याचा हिशोब करणाऱ्या ग्रंथात उलादांच्या माणसाचं नाव राहून गेलं. मला हे वाचताना फार आनंद झाला होता.

आणि @जुळेसोलापूर_७ तुम्हाला आपल्याशी साम्य हवंय तर ते इथं शोधा. वरच्या दर्जाच्या माणसाकडनं येणं असेल तर सरळ त्याची गुरं हाकून नेता यायची नाहीत, आधी त्याच्या दारात उपाशी बसावं लागायचं. त्यानं जामीन न देता जेवण केलं तर दुप्पट द्यावं लागायचं, आणि उपोषणाला दादच दिली नाही तर कायद्यात त्याची पत संपली. आपल्याकडं धनको धरणं धरून बसायचा तीच रीत. दोन्हीचं मूळ एक की वेगवेगळं ह्यावर अभ्यासकांनी दीडशे वर्षं डोकं लावलंय.

---

वीरगळ_दक्षिणसोलापूर:

काळाकोट ताई, फार सुंदर लिहिलंत. गुरं हाकून नेण्यावरनं मला लिहावंच लागतंय. आम्ही इकडं गावोगाव फिरून वीरगळ बघतो, कितीतरी दगडांवर खालच्या पट्टीत गायी कोरलेल्या असतात, गाव लुटायला आलेल्यांकडनं गुरं सोडवताना जो पडला त्याचा तो दगड. आयरिश लोकांचं सगळ्यात मोठं वीरकाव्य 'ताइन बो कूलन्य' हे नेमकं तेच आहे, गुरांची धाड. कोनाख्ताची राणी मेव आणि तिचा नवरा आलिल अंथरुणात पडून आपापली संपत्ती मोजतात, सगळं सारखं भरतं, फक्त नवऱ्याकडं एक पांढरा बैल जास्त निघतो. त्याच्या तोडीचा बैल उलादांच्या मुलखात कूलीला आहे, म्हणून ती अख्खी फौज घेऊन निघते. उलादांचे पुरुष माखा नावाच्या देवीच्या शापानं अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्या बाजूचा १७ वर्षांचा वीर कू कुलिन एकटा नदीच्या उतारावर उभा राहून एकेकाशी लढतो, शेवटी आपल्या लहानपणच्या जिवलग दोस्ताला, फेरदियाला मारतो आणि त्याला उचलून आपल्या काठाला आणतो. ते रडणं वाचवत नाही. एवढं करून शेवटी दोन्ही बैल एकमेकांत लढून मरतात.

कथा आहेच, पण तिच्यातलं भूगोलाचं भान पक्कं आहे. मेवचं क्रुआखन म्हणजे रॉसकॉमनमधलं रॅथक्रोगन, उलादांचं एमन माखा म्हणजे आरमाजवळचं नवन फोर्ट. नवनला उत्खननात ४० मीटर व्यासाची लाकडी गोल वास्तू निघाली, मधल्या ओकच्या खांबाच्या वर्तुळांवरनं तो इसवी सनपूर्व ९५ च्या अखेरीस किंवा ९४ च्या सुरुवातीला तोडला हे कळतं. आत दगड भरले, मग मुद्दाम आग लावली, वर मातीचा ढीग घातला. राहायला बांधलेलं नव्हतंच ते. तिथंच उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटी पण सापडली, म्हणजे ह्या कोपऱ्यातल्या बेटाचे हात कुठवर पोचत होते बघा.

खरे उलाद पुढं मागं रेटले गेले, फक्त पूर्वेकडचा आजचा अँट्रिम आणि डाउन एवढाच भाग त्यांच्याकडं राहिला. त्यात तीन मोठी घराणी, दाल फियाताख, दाल नारादी आणि दाल रियाता. दाल रियाताचं राज्य समुद्र ओलांडून स्कॉटलंडात होतं, ५६३ साली कोलम किले ह्या संतानं आयोना बेटावर मठ काढला तो त्याच पट्ट्यात. ११७७ ला जॉन द कूर्सी ह्या नॉर्मन सरदारानं डाउनपॅट्रिक घेतलं आणि उलादांचं राज्य संपत गेलं. टॉलेमीपासनं धरलं तर हजार वर्षं एक नाव टिकलं.

---

भीमाकाठ (सोलापूर):

मंडळी काय लिहिलंय तुम्ही, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, आता तिलाही यायचा उत्साह चढलाय, आधी फक्त लेकीसाठी येणार म्हणत होती. एक शेवटचं विचारतो, दहा-बारा दिवसच आहोत, त्यातले चारेक दिवस मला ह्यासाठी मिळतील. गुडघ्याचा त्रास आहे त्यामुळं फार चढण नको. काय बघू?

---

दगडवाचक:

काका पहिला दिवस डब्लिनमधेच काढा, किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय, तिकीट नाही. तिथं दलदलीत सापडलेली माणसं ठेवलीत, ओल्ड क्रोगनचा आणि क्लोनिकॅव्हनचा, दोन्ही २००३ मधे सापडली, कातडी-नखं-केसांसकट, दोन हजार वर्षांहून जुनी. एका संशोधकाचं मत असं की हे राजे किंवा राजपदाचे दावेदार, बळी देऊन राज्यांच्या हद्दीवर पुरलेले. सगळ्यांना ते पटत नाही, पण काळाकोट ताईंनी राजाबद्दल लिहिलंय ते डोक्यात ठेवून बघा. काकूंना आधी सांगून ठेवा, दृश्य अंगावर येतं.

टारा डब्लिनपासनं तासाभराच्या आत, गवताळ उतार आहे, गुडघ्याला झेपेल. न्यूग्रेंजला तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आत वाट अरुंद आहे आणि वाकून जावं लागतं एवढं लक्षात घ्या. रॅथक्रोगन लांब पडतं पण मेवसाठी एक दिवस द्या, तल्स्क गावात माहिती केंद्र आहे, तिथल्या लोकांबरोबरच फिरा नाहीतर नुसती कुरणं आणि मेंढ्या दिसतील.

---

काळाकोट:

आणि काका नवन फोर्ट उत्तर आयर्लंडात येतं, म्हणजे ती यूकेची हद्द. वाटेत चौकी नाही, बस सरळ जाते, पण व्हिसा लागतो तो लागतोच. आयर्लंडचा व्हिसा काढतानाच तो तिकडं चालतो का हे अधिकृत साइटवर बघून घ्या. चालत असला तर नवन अजिबात सोडू नका.