मदत हवी आहे: मालवणजवळ घर, गवंडी-फॅब्रिकेटर कोल्हापूरचे. बाहेरून काय लावलं तर टिकेल?

रंकाळा_संध्याकाळ

नमस्कार मंडळी. मालवणच्या अलीकडे, समुद्रापासून साधारण ७०० मीटरवर घर बांधायचंय. तळमजलाच, ११०० चौरस फूट, वर उतरतं छप्पर. मध्ये माडाची बाग आहे, त्यामुळे लाटांचे तुषार येत नाहीत, पण पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतींवर झड चांगलीच बसते. गवंडी आणि फॅब्रिकेटर (ग्रिल-रेलिंग करणारा) दोघंही इथले कोल्हापूरचेच. दिवाळीनंतर पाया, मेअखेर छप्पर असा बेत आहे.

अडलंय ते असं. गवंडी म्हणतो स्लॅब-बीमला एम-२० (काँक्रीटची ताकदीची प्रत) पुरे, कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) एक इंच. भिंत चिऱ्याची, ती उघडी ठेवायची की गिलावा करायचा? छपराला मंगलोरी कौलं की कलर कोटेड पत्रा? आणि फॅब्रिकेटर म्हणतो, ग्रिल-रेलिंग 'एसएस'मध्ये, म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये करू, गंजायचा प्रश्नच नाही. खरं आहे का हे?

लेव्हलपट्टी

आधी गवंड्याचं बोलू, कारण रंग-पत्रा दहा वर्षांनी बदलता येतो, कॉलम बदलता येत नाही.

एम-२० आणि इंचभर कव्हर हे कोल्हापुरातल्या साध्या घराचं गणित आहे. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' (तीव्र) वर्गात धरलंय. त्याला किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो आणि कव्हर ४५ मिमी. म्हणजे घनमीटरला साडेसहा पोती, आणि एका पोत्याला सगळं मिळून साडेबावीस लिटर पाणी. त्यात वाळूतला ओलावाही आला. गवंडी डोळ्याच्या अंदाजाने बादली ओततो, तिथंच सगळं बिघडतं. माल घट्ट वाटला तर पाणी नाही वाढवायचं, प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालायचा आणि व्हायब्रेटर लावायचा.

कव्हरसाठी खडी किंवा फरशीचा तुकडा चालणार नाही. त्याच ताकदीच्या मालाचे ४५ मिमीचे ठोकळे आधी पाडून, पाण्यात ठेवून घ्या. बाइंडिंग वायरची टोकं आत वळवायला सांगा. ही बारीक गोष्ट वाटते, पण कव्हरमध्ये घुसलेलं तारेचं टोक म्हणजे खाऱ्या ओलाव्याला दिलेली वाट. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून खपल्या पडतात. वरून गिलावा मारून ते थांबत नाही.

सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या, क्षार आत शिरायला वेळ लागतो. पण त्याला पाणी निदान १४ दिवस मारा. सात दिवसांत गोणपाट काढून टाकलं तर त्या सिमेंटचा उपयोग शून्य. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून उतरवून घेऊ नका; क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) कोल्हापुरातून न्या.

जांभा_चिरा

भिंतीबद्दल. चिरा पाणी पितो हे गृहीत धरूनच चाला. पूर्व आणि उत्तरेची भिंत उघडी ठेवली तर छान दिसते आणि टिकते. झडीच्या दोन भिंतींना मी गिलावाच सांगेन. दोन हातांत करा: आधी १२ मिमी, तो खरवडून, मग वरचा ८ मिमी, दोन्ही १:४ चे (एक भाग सिमेंट, चार वाळू). आधी चिरा भरपूर भिजवा, नाहीतर तो मालातलं पाणी ओढतो आणि गिलावा पोकळ वाजतो. काँक्रीट आणि चिऱ्याच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५०-१५० मिमी येईल अशी जाळी मारा. भेग पडते ती तिथंच.

उघड्या भिंतीचे दरजे १:३ ने भरा, पण दगडाच्या पातळीत. पुढे काढलेली फुगीर दोरी दिसायला देखणी असते, तिच्या प्रत्येक कडेवर मात्र पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं. वर चकचकीत वार्निश तर अजिबात नको. आतला ओलावा अडतो, मग पापुद्रे सुटतात. सिलेन-सिलोक्सेनचं, पाणी अडवणारं पण डोळ्यांना न दिसणारं, भिंतीला श्वास घेऊ देणारं लेपन घ्या. ते कोरड्या भिंतीवर, पावसाळ्याच्या खूप आधी.

जोत्यावर ओल-रोधक थर विसरू नका: ४०-५० मिमी काँक्रीट, १:१½:३ (सिमेंट-वाळू-खडी), त्यात वॉटरप्रूफिंग द्रव. तो नसला तर जमिनीतले क्षार चढतात आणि दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागतो. मग रंगवाल्याला दोष देतात.

छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच हवी. बोटभर रुंदीची, कडेपासून इंच-दीड इंच आत. ती नसली की थेंब छज्जाच्या पोटाखालून सरपटत भिंतीला लागतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय तिकडच्या लोकांना ठाऊक आहेच: पावसाळ्यात झडीच्या बाजूला माडाचे झाप बांधायचे. त्यासाठी गिलाव्याआधीच भिंतीत हुक बसवून ठेवा.

ओतकाम

'एसएस' म्हणजे नेमकं कुठलं, हे फॅब्रिकेटरकडून बिलावर लिहून घ्या. २०२, ३०४, ३१६ या त्याच्या चढत्या प्रती. बाजारात २०२ सर्रास एसएस म्हणून जातं. लोहचुंबक लावून काही कळत नाही, २०२ आणि ३०४ दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. मॉलिब्डेनम हा धातू तपासायचे थेंब मिळतात, त्याने ३१६ ओळखता येतं. ३०४ वर ७०० मीटरवर चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके येतील. ते वरवरचे असतात, गोड्या पाण्याने धुतले तर फार वाढत नाहीत. २०२ मात्र वेल्डच्या कडेने खड्डे पडून जातं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते तग धरतं, पण भाव जास्त.

माझं मत: ग्रिल साध्या लोखंडात करा आणि पूर्ण तयार झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लेप करून घ्या. पाच मिमी किंवा जाड मालावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त चढायला हवं. पाइपच्या दोन्ही टोकांना भोकं आधीच पाडा. बंद पाइप ४५० अंशांच्या जस्तात बुडवला तर आतल्या हवेने फुटतो. टाकीतून आल्यावर साइटवर वेल्ड मारायचा नाही, बोल्टनेच जोडायचं. तिथंच सगळे चुकतात राव: एक वेल्ड, त्यावर चंदेरी रंग, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नेमका तोच सांधा लाल.

खिडक्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) घ्या, आतली पट्टी गॅल्व्हनाइज्ड आहे ना ते कापलेल्या टोकातून बघा.

लेव्हलपट्टी

छपराचं राहिलं. मी कौलांच्या बाजूचा. भाजलेली माती, तिला खाऱ्या हवेचं काय? उतार ३० अंश, म्हणजे फुटाला सात इंच चढ. त्याहून कमी ठेवला तर झडीचं पाणी उलटं वर चढतं. १०० चौरस फुटांना १४० च्या आसपास कौलं लागतात. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी आणि कडा स्टेनलेस तारेने बांधा.

ओतकाम

कौलांचं वजन आणि खालचा सांगाडा कोण मोजणार? सांगाडा लोखंडी असेल तर गंजणार तोच. पत्रा घेणार असाल तर झिंक-अॅल्युमिनियमचा, एझेड-१५० (चौरस मीटरला १५० ग्रॅम) लेपाचा, वर रंग. हमीपत्रात किनाऱ्यापासूनच्या अंतराची अट वाचा, ती बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरात असते. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी लेप जळतो, उडालेला चुरा वर बसून गंजतो. कात्रीने कापा, चुरा झाडून घ्या. ओला सिमेंट माल पत्र्यावर सांडला तर लगेच धुवा. स्क्रू साधे घेतले तर पत्र्याआधी तेच जातात.

आणि एक उलटी वाटणारी गोष्ट: पत्रा आधी कुजतो तो पाऊस न लागणाऱ्या जागी, वळचणीच्या आतल्या बाजूला. बाहेरचं मीठ पाऊस धुतो, आतलं कुणी धुत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तिथं पाइपने गोडं पाणी मारा.

रंकाळा_संध्याकाळ

मनापासून आभार. कौलं ठरली, ग्रिलसाठी हॉट डिप. एक राहिलं: विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. चालेल का?

लेव्हलपट्टी

काँक्रीटला नाही, क्युरिंगलाही नाही. आरसीसीच्या (सळीच्या काँक्रीटच्या) पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. आत्ता आणि एप्रिलमध्ये, दोनदा नमुना तपासून घ्या. स्लॅब मार्चआधी उरकला तर प्रश्न बराच मिटतो, नाहीतर टँकरचा खर्च आत्ताच धरा. आणि सळी एकदम मागवून समुद्राच्या हवेत महिनोन्महिने पडू देऊ नका. लागेल तशी गाडी न्या. पडली असेलच तर तारेच्या ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवून मगच बांधा.