चार्ल्स्टनचं जुनं शहर सावरलं, पण नाव एकट्या रायलींचं?

पेठकर
अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचे जो रायली डिसेंबर 1975 ते जानेवारी 2016 महापौर होते. 1997 मध्ये, पदावर असतानाच, नव्या बेसबॉल स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. मला ते रास्त वाटतं. गिऱ्हाईक उपनगरांतल्या मॉलकडे गेल्यामुळे किंग स्ट्रीट हा शहराचा मुख्य बाजाररस्ता ओस पडत होता. 1986 मध्ये तिथे चार्ल्स्टन प्लेस हॉटेल उभं राहिलं, तेही उंचीवरून झालेल्या कोर्टबाजीनंतर. उंच भाग ब्लॉकच्या मधोमध मागे सारला आणि रस्त्याच्या कडेला बुटकी दुकानं ठेवली. फुटपाथवरून चालणाऱ्याला तो धिप्पाडपणा जाणवत नाही.

खरेदीखत
पदावरच्या माणसाचं नाव द्यायचंच नाही, हा साधा नियम पाळा. शिवाय शहरातल्या जुन्या इमारतींच्या जतनाचा कायदा 1931 चा, म्हणजे रायलींचा जन्मही व्हायच्या आधीचा! 1950 च्या दशकाच्या अखेरीस ॲन्सनबरो ही जुनी वस्ती वाचवली ती हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशन या संस्थेच्या फिरत्या निधीनं. घर विकत घ्यायचं, दर्शनी भाग न बदलण्याची अट खरेदीखतात घालून विकायचं, आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं.

पेठकर
फिरत्या निधीनं घरं वाचतात, बाजार नाही. आणि घर तोट्यात विकलं गेलं की निधी आटतो. हॉटेलसाठी केंद्राचं यूडॅग, म्हणजे शहरविकासाचं अनुदान लागलं आणि ते खेचून आणायला महापौरच हवा.

ओटीवरून
दोघंही दगडविटांवरच बोलताय. निधीतून घर विकलं की आधीचे भाडेकरू जातात. 1980 च्या सुमारास जुनं शहर वसलेल्या द्वीपकल्पावर कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, आज नाहीत. या हिशेबाचं काय?

पेठकर
रायलींनी स्वस्त सरकारी घरं एका कोपऱ्यात न कोंबता जुन्या वस्तीत विखरून बांधली. घडण तिथल्याच ‘सिंगल हाउस’ची : खोलीभर रुंदी, अरुंद बाजू रस्त्याकडे, लांब ओटी बगलेला. शेजारच्या जुन्या घरांतून ती वेगळी काढता येत नाहीत.

ओटीवरून
रचना उत्तमच, पण संख्या तुटपुंजी. बाकीची घरं बाजारभावावर सोडली की दुरुस्त झालेल्या गल्लीत भाडं चढतंच.

खरेदीखत
गॅड्सडेन्स व्हार्फवरचं, म्हणजे जिथे गुलाम उतरवले जायचे त्या धक्क्यावरचं, आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय रायलींनी 2000 मध्ये सुचवलं, उघडलं 2023 मध्ये. स्टेडियमपेक्षा त्या कामासाठी गौरव करा, मी सही करतो. फक्त फलकावर 1931 लिहा.

ओटीवरून
आणि कोणत्या गल्ल्यांतून कोण गेलं, तेही.