स्टीलचे पेले आणि वेदीवरचा हिरवा फोम

सचिव : आदरणीय सदस्यहो, 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ, म्हणजे निसर्गाच्या जपणुकीसाठी प्रार्थना आणि कृती करण्याचा काळ, पाळला जातो. त्या काळापासून मिस्सेनंतरच्या (चर्चमधील मुख्य उपासनेनंतरच्या) अल्पोपाहाराला कागदी पेले आणू नयेत आणि वेदीच्या सजावटीत फुले खोचण्याचा फोम वापरू नये, असे दोन प्रस्ताव आले आहेत. कृपया मते मांडावीत.

ज्येष्ठ सदस्य : माझा दोन्हींना विरोध आहे. चर्चचे काम तारणाचा संदेश देण्याचे आहे. बाहेरची पर्यावरणाची चळवळ वेदीपर्यंत आणण्याचे कारण मला दिसत नाही.

वेदी-सजावट गट : काका, ही चळवळ बाहेरची नाही. ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेचे धर्मप्रमुख दिमित्रियोस यांनी 1989 मध्येच 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला होता आणि पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये, ज्या वर्षी ‘लाऊदातो सी’ हे त्यांचे पर्यावरणाविषयीचे परिपत्रक आले त्याच वर्षी, तो कॅथलिकांसाठीही लागू केला. त्याही आधीचे पाहायचे तर पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वेचायला लावलेच होते.

फोमविषयी मी अनुभवाने लिहिते. सणानंतर ओली वीट उचलली की ती बोटांत कुस्करते, तिचा हिरवा भुगा मोरीतून वाहून जातो आणि मुळात ते प्लॅस्टिकच असल्यामुळे तो विरघळत नाही. पसरट भांड्यात तारेच्या जाळीचा बोळा बसवला तरी देठ नीट उभे राहतात.

पेल्यांबाबत मात्र अडचण वेगळीच आहे. मागे आणलेले स्टीलचे पेले दोन रविवारांत कपाटात गेले, कारण ते घासायला दर वेळी त्याच तिघी मागे थांबत असत आणि सभागृहाचे दिवेही त्याच मालवत असत. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, हे सर्वांना पटले तरी घासण्याच्या पाळ्या विभागवार, पुरुषांसह, लागल्याशिवाय हा प्रस्ताव मंजूर करू नये.

ज्येष्ठ सदस्य : पाळीचा मुद्दा रास्त आहे. पहिल्या रविवारी माझे नाव घालावे. फोमला मात्र नाताळपुरती सूट असावी.

वेदी-सजावट गट : काका, पाळीबद्दल आभार, परंतु सर्वांत जास्त फोम नाताळलाच लागतो, त्यामुळे त्या सवलतीला माझी संमती नाही.