नाटकावर पीएचडी करायचीय, पण तालीम सुटेल का?

विंगेतली

सात वर्षं नाटकात आहे. अभिनय नाही, आधी दिव्यांवर मदतनीस, मग रंगमंच व्यवस्था आणि गेली दोन वर्षं प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले संवाद पुरवणं. सोबत नाट्यशास्त्रात एम.ए. झालं. आता विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळतोय, आणि पुढे शिकवत-संशोधन करत राहावं असं मनापासून वाटतंय. मार्गदर्शक म्हणतात, दोन महिन्यांत विषय सांग.

आमच्या ग्रुपचे दिग्दर्शक, ज्यांना मी दादा म्हणते, ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे आता तू नाटक करणार नाहीस, नाटकावर बोलणार." ते शब्द डोक्यातून जात नाहीयेत. या वाटेने गेलेल्यांनी सांगा, रोजचं काम नेमकं काय असतं? विषय कसा सापडला? आणि खरंच नाटक सुटतं का?

जुनी_प्रत

अगं-तुगं करते, राग मानू नकोस. एकतीस वर्षं नाटक शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विषयाचं आधी सांगते, कारण तिथेच मी दोन वर्षं घालवली.

शोकांतिका आणि नियती असा काहीतरी भलामोठा विषय घेतला होता. वाचलं पुष्कळ, टिपणांनी दोन खोकी भरली, पण त्यात माझं असं एक वाक्य नव्हतं. मग एका बंद पडलेल्या नाटकमंडळीच्या ट्रंकेत प्रॉम्प्टरची वही हाती लागली. निळ्या शाईत संहिता, वर लाल पेन्सिलीच्या खुणा. तिसऱ्या अंकात बापाचं दीड पानी स्वगत आहे. समीक्षकांनी त्या स्वगतावर भरभरून लिहिलं होतं, सगळं नाटक त्यातच आहे म्हणून. वहीत त्या दीड पानावर वरून खाली एक रेघ मारलेली, आणि समासात बारीक अक्षरात: "दिवा तसाच. चार मोजून पडदा."

म्हणजे प्रेक्षकांनी ते स्वगत ऐकलंच नव्हतं. त्यांनी चार आकड्यांची शांतता पाहिली होती!

ती भूमिका करणारे नट तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांना शोधून काढलं. ते म्हणाले, "दम्याने श्वास पुरेना, म्हणून काढलं. पण मग शांततेत लोक रडायला लागले, तेव्हा परत घातलं नाही." माझा प्रबंध त्या रेघेतून उभा राहिला. संहिता एक आणि प्रयोग दुसरा, हे वर्गात शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते बोटांखाली आलं.

आपली ज्ञानशाखाच या फरकावर उभी आहे. माक्स हेरमान हा मुळात जर्मन साहित्याचा अभ्यासक. नाटक म्हणजे छापलेली संहिता नव्हे, प्रयोग, हा आग्रह त्याने धरला. न्यूरेंबर्गच्या एका चर्चमध्ये सोळाव्या शतकात खेळ कसे उभे राहिले असतील, नट कुठून येत असतील, हे त्याने १९१४च्या पुस्तकात जागेची मापं मांडून सांगितलं. त्यावर मोठा वाद झाला, त्याची मापं चुकली असंही म्हटलं गेलं. पण तो प्रश्न विचारता येतो हे सिद्ध झालं. १९२३ साली बर्लिन विद्यापीठात नाट्यविद्येची संस्था सुरू झाली ती त्याच्याच खटपटीने. ज्यू म्हणून १९३३मध्ये त्याला काढून टाकलं आणि १९४२ साली नाझींच्या टेरेझिन छावणीत तो वारला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी हे सांगत आले, आणि दरवर्षी आवाज जड व्हायचा.

आता तुझ्या दादांचं. प्रॉम्प्टिंग केलेली मुलगी संहिता वाचताना श्वास कुठे घेतला जाईल ते ऐकते. ग्रंथालयात बसून ते येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातला कक्ष्याविभाग, म्हणजे रंगमंचावर जागांची केलेली विभागणी, घे. रंगपीठावर एक फेरी मारली की पात्र दुसऱ्या ठिकाणी पोचलं, हा संकेत वाचायला दोन मिनिटं लागतात. मी तो विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचे. फेरी फार भरभर झाली तर जागा बदलत नाही, पात्र नुसतं फिरतं. किती पावलांनी बदलते, यावर आमचे तासच्या तास जायचे. शिकवणं म्हणजे हे, आणि यात तालीम सुटत नाही.

रोजचं बाकीचं काम म्हणजे तास, पेपर तपासणं, समित्या, इतरांचे प्रबंध वाचणं. यात निम्मं आयुष्य जातं, ते गृहीत धर. पहिली सहा वर्षं मी कंत्राटावर होते, दर वर्षी नव्याने अर्ज. पहिल्या मार्गदर्शकांनी "वही हा काही पुरावा नव्हे" म्हणून ते प्रकरण वर्षभर अडवलं होतं. शेवटी मार्गदर्शक बदलले. फार मनस्ताप झाला, पण ते केलं नसतं तर तो प्रबंध झाला नसता. तेव्हा विषयाआधी माणूस पारखून घे. त्यांचे आधीचे दोन-तीन विद्यार्थी गाठ आणि विचार, लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत देतात.

कपाट_क्रमांक_७

मी संशोधक नाही, अभिलेखागारात काम करतो. नाटकाचे कागद फार लवकर जातात, म्हणून लिहितोय.

शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या रोझ थिएटरचा मालक फिलिप हेन्स्लो. त्याच्या कागदांमध्ये १५९८ची सामानाची यादी होती. त्यात एक खडक, एक पिंजरा, एक थडगं, नरकाचं तोंड आणि अदृश्य होऊन फिरण्यासाठीचा एक अंगरखा! अंगावर चढवला की नट दिसत नाही असं प्रेक्षकांनी मानायचं. त्या काळच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांबद्दल एवढं सांगणारी ओळ मला दुसरी माहीत नाही. ती मूळ यादी आज हरवली आहे. एडमंड मॅलन या शेक्सपिअरच्या अभ्यासकाने १७९०मध्ये ती छापली म्हणून आपल्याला कळते. त्याच काळातल्या लंडनच्या स्वान थिएटरच्या आतलं चित्रही तसंच. डी विट या डच प्रवाशाने काढलेलं मूळ गेलं, मित्राने उतरवून घेतलेली नक्कल नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या विद्यापीठात राहिली.

म्हणून, ताई, विषय ठरायची वाट न पाहता आजच तुमच्या ग्रुपच्या प्रयोगाच्या प्रती, दिव्यांचे तक्ते, हिशेबाच्या वह्या यांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येकाला तारीख आणि कोणाचं अक्षर आहे ते जोडा. दहा वर्षांनी अक्षर ओळखणारा माणूस उरत नाही.

अर्धवट

मी चौथ्या वर्षी पीएचडी सोडली, तेव्हा माझीही बाजू सांगतो. नाटकावर प्रेम होतं, लिहिण्यावर नव्हतं. एक परिच्छेद सहा वेळा लिहायचा आणि सातव्यांदा पुराव्यामुळे तो रद्द करायचा, यात मला आनंद मिळेना. हा आनंद तुम्हाला आहे का, ते आधी बघा. कालच्या प्रयोगावर आज रात्री चार पानं लिहा आणि उद्या पुन्हा लिहा. तिसऱ्या दिवशीही बसावंसं वाटलं तर जा. मी आज दिग्दर्शन करतो आणि सुखात आहे.

विंगेतली

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_प्रत, मॅडम, तुमचा प्रतिसाद मी दादांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तालमीला एक पिशवी घेऊन आले. तीन जुन्या नाटकांच्या प्रॉम्प्टरच्या वह्या, त्यातली एक माझ्या आधीच्या प्रॉम्प्टरची. पानं सुटी झालीत, पिना गंजल्यात. एका पानावर फक्त "इथे हसतील, थांब" असं आहे, आणि तेच पुढे खोडून "हसत नाहीत".

पिना काढू का? क्रम बिघडेल अशी भीती वाटते.

कपाट_क्रमांक_७

आधी वही आहे तशीच ठेवून प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मग मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने आकडे घाला, शाई नको. पिना त्यानंतरच, आणि ओढून काढू नका. पान उलटं करून पिनेचे दोन्ही पाय आधी सरळ करा. चिकटपट्टी कुठेही लावू नका. आणि ते "हसत नाहीत"वालं पान कोणत्या प्रयोगाचं, हे दादांना आजच विचारून घ्या.